भेगेवरची काचपट्टी

“आमच्या पोटमाळ्यावर आम्ही सात जणी एकदम नाचलो, तर खाली माझ्या आईबाबांच्या पलंगावर पडू का?”

पैज चिमणीने लावली होती. शाळेच्या सभागृहात इमारती बांधणाऱ्या इंजिनिअर बाई बोलायला आल्या होत्या आणि शेवटी त्यांनी “कुणाला काही विचारायचंय?” म्हटल्यावर सगळा वर्ग आपापल्या बुटांकडे बघत बसला होता. शेजारी बसलेल्या चिमणीने कोपर मारलं. “विचार ना शिडे. की टरकली?”

मागच्या वर्षीपर्यंत हजेरी देतानासुद्धा माझा आवाज घशात अडकायचा, आणि उंची लपवायला मी पाठीला पोक काढून चालायचे. पण ते मागच्या वर्षी. आता मला शिडी म्हणतात हे मी स्वतःच नव्या मुलींना सांगून टाकते, त्यांचे कष्ट वाचवते. मी उभी राहिले, पूर्ण उभी राहिले, आणि विचारलं.

सभागृह खो-खो हसलं. बाईही हसल्या. “गाणं कुठलं आहे त्यावर ठरेल,” त्या म्हणाल्या. “पोटमाळा राहायला केलाय वाटतं?”

“हो. माझी खोली. शनिवारी माझ्या वाढदिवसाला उद्घाटन.”

“वा. उतरतं छप्पर असेल ना? मग मध्ये आडव्या तुळया असतील. त्यांना दिवे लटकव, छान दिसतात.”

“त्या कापल्या. माझं डोकं आपटायचं.”

पुन्हा हशा. या वेळी बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला खडू टेबलावर ठेवला, इतक्या हळू की जणू टेबलच झोपलं होतं.

“सगळ्या कापल्या?”

“सगळ्या.”

“तू जरा नंतर थांब,” त्या म्हणाल्या.

सभागृह रिकामं झाल्यावर त्यांनी माझंच भूगोलाचं पुस्तक घेतलं, मधोमध उघडलं आणि टेबलावर तंबूसारखं पालथं उभं केलं. “हे तुमचं छप्पर.” वरून एका बोटाने दाबलं. पुस्तकाच्या दोन्ही बाजू सरकत सरकत बाहेर गेल्या आणि पुस्तक सपाट झालं. मग त्यांनी माझ्या वेणीची रिबीन मागितली, पुस्तक परत उभं करून त्याच्या कमरेला बांधली आणि पुन्हा दाबलं. पुस्तक हललंसुद्धा नाही.

“रिबीन म्हणजे तुळया,” मी म्हणाले. एरवी उत्तर बरोबर आलं की मला फार बरं वाटतं. या वेळी नाही वाटलं.

“छप्पर नुसतं खाली दाबत नाही, भिंतींना बाहेरही ढकलतं. आता सांग, तुझ्या खोलीच्या जमिनीच्या फळ्या ज्या लाकडांवर ठोकल्यात, ती लाकडं छप्पर टेकलेल्या दोन भिंतींना जोडतात, की त्यांच्या बाजूने घराच्या लांबीने जातात?”

“लांबीने. फळ्या ठोकताना खिळे मीच हातात देत होते.”

“मग त्या दोन भिंतींना एकमेकींशी धरून ठेवणारं आता काहीच उरलेलं नाही. शिवाय ती लाकडं खालच्या खोलीचं छत धरायला बसवलेली असतात. पलंग, कपाट आणि सात मुली हा त्यांचा हिशोब नसतो.” त्यांनी रिबीन सोडून माझ्या हातात दिली. “घरात एखादं दार घासायला लागलंय का?”

मी हसणारच होते. कुणाच्या घरात दार घासत नाही? पण मला बाबा दिसले, त्यांच्या खोलीच्या दारावर पॉलिश पेपर घासताना. मग आणखी एकदा, तेच दार, तीच कड. “दमट हवेने फुगतं,” ते म्हणाले होते. हवा इतकी कोरडी होती की माझे ओठ फुटले होते.

बाईंना उत्तर माझ्या तोंडावरच मिळालं असावं. “भिंतीला भेग शोध,” त्या म्हणाल्या. “सापडली तर तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटव, दोन्ही टोकं घट्ट. भेग जुनी असेल, निजलेली असेल, तर काच तशीच राहते. चालत असेल तर तडकते.” त्यांनी पुस्तकाच्या मागच्या पानावर आपला नंबर लिहिला. “पण काचेची वाट बघत बसायचं नाही. आईबाबांना आजच फोन करायला सांग. तोवर वर नाच नाही.”

चिमणी दाराशी वाट बघत होती. “काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, पलंगावर नाही पडणार. पलंगासकट पडू.”

ती इतकी हसली की मीही हसले. हसताना रिबीन परत वेणीत बांधत होते, आणि ती नीट बसेना.

खोलीविषयी सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का अडकले होते ते कळणार नाही. आधी तिथे जुन्या सुटकेसेस आणि उंदरांच्या लेंड्या होत्या. मामाने, म्हणजे आईच्या मोठ्या भावाने, ती माझ्यासाठी केली. मामा स्वयंपाकघरातली कपाटं करतो, दुकानांची खोटी छतं करतो, आणि त्याच्या कानावर कायम पेन्सिल असते. त्याने शिडी काढून लाकडी जिना बसवला, छपरात खिडकी पाडली, वाशांना मधाच्या रंगाचं पॉलिश केलं. आणि करवत घेऊन माझ्या कपाळाच्या उंचीला असलेल्या त्या तुळया एकेक करून काढल्या. शेवटची खाली आली तेव्हा सगळ्या घराने एक लांब उसासा टाकला. खरंच टाकला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी मधोमध जाऊन उभी राहिले, हात वर केले, टाचा उचलल्या. डोक्याला काहीच लागलं नाही. शाळेच्या बाकापासून बसच्या दारापर्यंत सगळं जग माझ्यासाठी चार बोटं बुटकं आहे. ती खोली नव्हती.

त्या संध्याकाळी मामा जेवायलाच होता. मी सगळं सांगितलं, ताटाशेजारी पुस्तक उभं करूनही दाखवलं.

“शिडे, त्या तुळया शोभेच्या होत्या गं,” मामा म्हणाला. “इतकी वर्षं नुसत्या धूळ खात होत्या. कापल्या तेव्हा छप्पर हललं का?”

“उसासा टाकला.”

“सुटलो म्हणून टाकला.”

बाबा हसले आणि पाणी त्यांच्या नाकात गेलं. “आता तुझ्या पुस्तकात आमटी सांडेल,” ते खोकत म्हणाले, “आणि मग त्या बाई म्हणतील, छप्पर गळतंय.”

“बाबा, तुमच्या खोलीचं दार—”

“त्या बाई घर बघायला आल्या होत्या का?” आईने विचारलं. “मग? ज्याचा जन्म लाकडात गेला त्याला कळत नाही आणि भूगोलाच्या पुस्तकाला कळतं?”

मामा हात धुवायला गेल्यावर ती माझ्याकडे वळली. आवाज खाली आणला. “दादाने तुझ्यासाठी सगळे रविवार घातलेत. त्याच्या तोंडावर म्हणू, की तुझं चुकलं, आम्ही परकं माणूस बोलावतो? तो पुन्हा या घरात पाऊल टाकेल का? शनिवार होऊ दे. मग बघू.”

मी वर न जाता आईबाबांच्या खोलीत गेले. भिंत जिथे छताला मिळते तिथे, पडद्याच्या दांडीमागे, एक पांढरी रेघ होती. रंगापेक्षा पांढरी. मी स्टुलावर चढून नखाने खरवडलं तर पुट्टीचा पापुद्रा निघून आला. त्याच्या मागे काळं होतं. मी कंपासपेटीतली पट्टी आणली. तिची कड आत गेली. थांबली नाही, आणखी आत गेली.

“मामा, हे तू भरलंस?”

तो दारात उभा होता, टॉवेलला हात पुसत. “भिंती श्वास घेतात गं. जरा लिंपलं की गप्प बसतात.” हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. छताकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी जीवशास्त्राच्या सरांकडे सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या मागितल्या. “कशाला?” म्हणाले. “भिंत तपासायला,” म्हटलं. सरळ उभं राहून मागितलं की लोक देतात, हा माझा या वर्षीचा मोठा शोध आहे. संध्याकाळी मी त्या भेगेवर आडव्या चिकटवल्या.

“भिंतीच्या पेशी बघणार वाटतं,” बाबा पलंगावरून म्हणाले.

मग मी रोज दात घासायच्या आधी तिथे जाऊन बघायचे. काच अखंड. शाळेतून आल्यावर, अखंड. रोज मी म्हणायचे, “फोन करा ना त्या बाईंना,” आणि रोज आई म्हणायची, “शनिवार.” खरं सांगायचं तर काच तशीच बघून मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. मी वाशांवर दिवे लावले. गाण्यांचा क्रम ठरवला. चिमणीला मात्र बजावलं, की मी सांगेपर्यंत वर नाच नाही.

पण खोलीत काहीतरी होतं. दुपार कलून वारा सुटला की वाशांतून आवाज यायचा, कुणीतरी बोटं मोडावीत तसा. एक. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक, दुसऱ्या कोपऱ्यातून. छपरातली खिडकी आधी एका बोटाने उघडायची, आता तिला खांदा लावावा लागायचा. आणि मी जमिनीवर ठेवलेली पेन्सिल दर वेळी त्याच भिंतीकडे जायची, घाई नसलेल्या माणसासारखी.

शनिवारी दुपारी मी मेणबत्त्या आणायला दुकानात गेले. परत येताना गल्लीतच गाणं ऐकू आलं. आमचंच, यादीतलं पहिलं.

“तुझी पलटण वर गेलीय,” आई दारातच म्हणाली. केकची कड चाकूने सारखी करत होती. “लवकर आल्या. मी म्हटलं, जा, दिवे तरी लावा.”

“नाचतायत?”

“मग काय पूजा करतायत?”

मी जिन्याकडे धावले आणि मध्येच वळले. का ते माहीत नाही. आईबाबांच्या खोलीचं दार ढकललं तर ते उघडेना. खांदा लावला. आत बाबा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपले होते. वर्तमानपत्रावर पांढरा भुगा पडत होता. वर एक ठेका पडला की थोडासा. पुन्हा ठेका, पुन्हा थोडासा. अगदी तालात.

मी वर बघितलं. एक काचपट्टी शाबूत होती. दुसरी माझ्या डोळ्यांसमोर गेली. फार लहान आवाज झाला, टिक, वाटीला चमचा लागावा एवढाच. अर्धी पट्टी एका बाजूला राहिली आणि अर्धी दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्या मधून अंधार दिसला.

“बाबा, उठा. बाहेर जा. आईला घेऊन बाहेर जा.”

“काय झालं?”

“प्रश्न नंतर.”

मी जिना चढले. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडले असते तर सहाही जणी एकदम धावल्या असत्या. मी स्पीकर बंद केला.

“अगं, आत्ताच तर—” चिमणी म्हणाली.

“केक खाली आलाय. जी शेवटी उतरेल तिला सगळ्यात मोठा तुकडा. हळू चालायचं, एकेक, उडी मारली ती बाद.”

“हा कसला खेळ?”

“माझा वाढदिवस, माझा खेळ.”

त्या हसत, ढकलाढकली करत रांगेत लागल्या. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मोजत होते, चेहऱ्यावर हसू टाचून. एक उतरली. दुसरी. वाशांनी बोटं मोडली. तिसरी. चिमणी मुद्दाम मागे राहिली, मोठ्या तुकड्यासाठी, आणि एका एका पायरीला थांबत उतरली. तिला उचलून खाली फेकावंसं वाटलं. ती खाली पोचल्यावर मी मागे वळून पाहिलं. दिवे पेटलेले होते. वारा आला आणि छपरातली ती अडकणारी खिडकी आपोआप उघडली, चौकट सोडून, अलगद.

आता आम्ही सगळ्या अंगणात आहोत, घरापासून लांब, कुंपणाला टेकून. चिमणीने केकचं ताट धरलंय आणि तिला ते कुठे ठेवावं कळत नाहीये. बाबांच्या केसांत पुट्टी आहे. त्यांच्या फोनवरून इंजिनिअर बाईंशी माझं बोलून झालं तेव्हा आई छपराच्या कडेकडे बघत होती. इथून स्पष्ट दिसतं. भिंतीचा वरचा भाग बाहेर झुकलाय, जसं कुणी खिडकीतून वाकून वाट बघावं.

“दादा संध्याकाळी येणारे,” ती म्हणाली. “त्याला काय सांगू मी?”

“मोठ्यांना जरा बोलू दे,” बाबा म्हणाले आणि केसांतली पुट्टी झटकू लागले.

मी त्या दोघांच्या समोर जाऊन उभी राहिले. मी आता दोघांपेक्षाही उंच आहे, हे आम्हा तिघांच्याही तेव्हाच लक्षात आलं असावं.

“मी ठरवलंय,” मी म्हणाले. “माझी खोली बंद. आज तुम्ही दोघं त्या पलंगावर झोपणार नाही, आपण तिघं आत्याकडे जाणार. इंजिनिअर बाई टेकू लावणारी माणसं घेऊन निघाल्यात, त्या हो म्हणेपर्यंत कुणीही आत पाऊल टाकायचं नाही, मेणबत्त्या आणायलाही नाही. मामाला मी सांगणार. आई, तू नाही, मी. त्याने ती खोली माझ्यासाठी केलीय, तर ऐकायलाही त्याला माझ्याकडूनच लागेल. आणि बाई म्हणतील तशा तुळया परत बसवायच्या. सगळ्या, होत्या तिथेच. डोकं आपटलं तर आपटू दे. मी वाकून चालेन. तेवढ्या एकाच खोलीत.”