सोमवारची पिशवी

मित्रांनो, सुरतेतल्या नवागामात, एका गल्लीतल्या खोलीत, दारामागच्या खिळ्याला टांगलेली मी एक जुनी कापडी पिशवी आहे. कोणी वळून पाहावे असे माझ्यात काही नाही. रंग मळखाऊ, एक बंद दुसऱ्यापेक्षा आखूड आणि पोटावर बोटभर रुंदीची एक विरळ रेघ. पण माझ्या पोटात आजवर काय काय राहून गेले हे कळले, तर तुम्ही मला भाजी आणायला मुळीच नेणार नाही.

माझे कापड पॉवरलूमच्या कारखान्यात विणले गेले. धुळे जिल्ह्यातून आलेला बन्सीलाल तिथे माग चालवत असे. एके दिवशी ताण्याचे, म्हणजे उभे, काही धागे तुटले आणि त्याच्या लक्षात येईपर्यंत कापडात रेघ उमटली. कारखान्याचे मालक भाईदास शेठ यांनी तेवढा तुकडा कापून कोपऱ्यात फेकला. बन्सीलालने तो घडी करून घरी आणला. त्याची बायको उषाबाई हिने दुपारभरात माझी शिलाई उरकली. बंद कापताना शेजारीण गप्पा मारायला आली, म्हणून एक आखूड झाला. मला त्या शेजारणीचा अजून राग आहे.

सुरुवातीला मी बाजरी आणली, रॉकेलच्या बाटल्या आणल्या, एकदा तर कोंबडीही आणली. त्या कोंबडीबद्दल मी अधिक बोलणार नाही.

माझे खरे काम सुरू झाले १९९१ साली. बन्सीलालची मुलगी हर्षदा तेव्हा आठवीत होती. सातवीपर्यंत ती मराठी शाळेत शिकली आणि मग गुजराती शाळेत गेली. गल्लीत सगळे खानदेशातले. घरात अहिराणी, कारखान्यात मोडकीतोडकी हिंदी. सरकारी दवाखान्यात मात्र डॉक्टर गुजरातीत विचारत आणि आमच्या बायका नुसत्या मान हलवत. डोके दुखते का, हो. पोट दुखते का, हो. ताप आहे का, हो! मग जी गोळी मिळे ती घेऊन त्या परत येत.

शेजारची धुरपदाबाई एका सोमवारी उषाबाईला म्हणाली, "तुनी पोरले धाड ना मनासंगे. तिले गुजराती येस." हर्षदाची शाळा दुपारची होती. उषाबाईने कागद ठेवायला मला तिच्या खांद्यावर अडकवले आणि आम्ही निघालो.

खिडकीत केसपेपर काढणाऱ्या कारकुनाने तिचा कामधंदा विचारला, "माजी, शुं काम करो छो?"

धुरपदाबाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत साड्यांचे सुटे धागे कापत असे. तिच्या बोटांना कात्रीचे घट्टे पडले होते. तरी ती म्हणाली, "काहीच नही." हर्षदाने तेच गुजरातीत सांगितले आणि कारकुनाने तेच लिहिले. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही.

त्या दिवसापासून गल्लीत एक रीतच पडून गेली. कोणाला दवाखान्यात जायचे असेल, तर त्याने सोमवारी सकाळी हर्षदाच्या दारात उभे राहायचे. सगळ्यांचे केसपेपर माझ्या पोटात राहत, कारण कोणता कागद कोणाचा हे तिलाच वाचता येई. हळूहळू माझ्यात चाळीस घरांची दुखणी जमा झाली. हर्षदा डॉक्टरांचे बोलणे नीट ऐके, गोळ्यांच्या पुड्यांवर सूर्य आणि चंद्र काढून देई, आणि गुरुवारी घरोघर जाऊन विचारी, गोळ्या घेतल्या का? कोणी खोटे बोलले तर पुडी मोजून दाखवी. मित्रांनो, मी तिच्या खांद्यावर होते म्हणून सांगते, अशी चिकाटी मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात शहरात प्लेगची भीती पसरली. गल्ली अर्धी रिकामी झाली. लोक गाठोडी घेऊन उधना स्टेशनकडे धावले. जाणाऱ्या प्रत्येकाला हर्षदाने त्याचा केसपेपर काढून दिला. "गावना डॉक्टरले दखाडजा," असे ती बजावत होती. जे मागे राहिले त्यांना सरकारने वाटलेल्या गोळ्या कधी आणि किती घ्यायच्या, हे ती नाकाला रुमाल बांधून दारोदार सांगत फिरली. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा अर्धी रिकामी झाले होते. मला ते अजिबात आवडले नाही. पुढे माणसे परतली, तेव्हा त्यांचे कागदही परत आले.

हर्षदाला डॉक्टर व्हायचे होते. हे तिने कोणाला सांगितले नव्हते, पण सोमवारी परत येताना ती डॉक्टरांचे प्रश्न मनाशी पुटपुटत चाले, तेव्हाच मी ओळखले. बारावीला तिला चांगले गुण मिळाले, तरी सुरतेतल्या प्रवेशाला ते थोडे कमी पडले. मग बातमी लागली, की विदर्भात एका ट्रस्टचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे लेखी परीक्षा होते आणि नंतर मुलाखत. हर्षदा लेखी परीक्षेत पास झाली. बन्सीलालने आधीच सांगून ठेवले होते, "तठे व्हयनं ते व्हयनं. नही ते हजीराना कारखानाना ऑफिसमा नोकरी धर." एवढी एकच वाट उरली होती.

मुलाखतीच्या पत्राबरोबर एक फॉर्म आला. त्यात मोठा रकाना होता: 'अभ्यासाव्यतिरिक्त केलेली कामे व उपक्रम. कोणते, किती काळ, त्यातून काय शिकलात? प्रमाणपत्रे असल्यास जोडावीत.'

हर्षदा मला खांद्यावर टाकून तिची मैत्रीण गौरी हिच्याकडे गेली. गौरीचे वडील बँकेत होते. ती दुसरीकडे प्रवेश घेणार होती, पण स्वभावाने मोकळी. तिने आपली फाईल पुढे ठेवली. काय ती फाईल! निळी, चकचकीत, आत प्रत्येक कागदाला पारदर्शक कव्हर. वक्तृत्व, नाट्यवाचन, विज्ञान प्रदर्शन, एन.सी.सी. खरे सांगते, मला माझ्या आखूड बंदाची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बापू, या रकान्यात लिहायला माझ्याकडे काहीच नाही. रिकामा सोडते."

बन्सीलाल दचकला. गावाकडे रेशनकार्डाच्या वेळी एक रकाना कोरा राहिला म्हणून त्याचा फॉर्म तीनदा परत आला होता. कचेरीतल्या बाबूने त्याला एक शब्द शिकवला होता आणि तो त्याने मंत्रासारखा जपला होता. "रकाना रिकामा सोडाना नही. निरंक लिख."

हर्षदाने पेन उघडले आणि त्या मोठ्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिले, 'निरंक'.

मी खिळ्यावरून पाहत होते. चाळीस घरांचे कागद पोटात घेऊन मी पाहत होते, आणि मला तोंड नव्हते. पिशवीच्या जन्माचे एवढे दुःख मला पुन्हा कधी झाले नाही.

पण सोमवार जवळ आला होता. आपला कागद बघायला धुरपदाबाई आली. हर्षदा फॉर्म पाकिटात घालत होती.

"हाई काय लिखं तुन्ही?"

"निरंक. म्हणजे काहीच नाही, मावशी. त्यांनी विचारलंय, अभ्यास सोडून काय काम केलं."

धुरपदाबाईने कमरेवर हात ठेवले. "काहीच नही? मंग दर सोमवारले माले दवाखानामा कोन लई जास? तुना बाप?"

"ते काय काम आहे का मावशी? ते तर आपण एकमेकांचं करतोच."

"वाल्मिकऽऽ!" धुरपदाबाईने दारातूनच हाक मारली. वाल्मिक म्हणजे गल्लीच्या भजनी मंडळाचा सेक्रेटरी. "इकडे ये. हाई पोर म्हनस तिन्ही काहीच कयं नही!"

पाच मिनिटांत खोली भरली. मित्रांनो, तो गोंधळ तुम्ही ऐकायला हवा होता. वाल्मिक म्हणाला, "मना पोऱ्याले जुलाब व्हयनात, तव्हय मीठ-साखरनं पानी कोनी दिधं? लिख ते बी." शोभाबाई म्हणाली, माझ्या सासूच्या टीबीच्या गोळ्या सहा महिने कोणी मोजल्या? लिही. कोणी प्लेगच्या दिवसांची आठवण काढली. एक आजोबा म्हणाले, माझ्या चष्म्याचा नंबर लिही. त्यांना कसेबसे गप्प केले. उषाबाई इतका वेळ चुलीपाशी होती. ती हळूच म्हणाली, "आणि बॉबिन? पाच वर्षं शाळेतून येऊन कारखान्याच्या बॉबिनवर धागा भरला तिने. तेही लिहा." बन्सीलालला ते लिहायला नको होते. मुलीला कामाला लावले असे लोक म्हणतील, अशी त्याला लाज वाटत होती. पण शेवटी तोच म्हणाला, "लिख."

हर्षदाने 'निरंक'वर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिले, 'सोबतचा कागद पाहावा.' मग रेघांच्या कागदावर ती लिहीत सुटली.

"पण याचं प्रमाणपत्र कुठाय?" ती मधेच थांबली.

वाल्मिकने मंडळाच्या शिक्क्याचा पॅड आणला. ज्यांना सही येत होती त्यांनी सही केली, बाकीच्यांनी अंगठे उमटवले. कागदाची मागची बाजू निळी झाली.

सगळे गेल्यावर हर्षदाने धुरपदाबाईला थांबवले. "मावशी, अजून एक लिहायचं आहे. माझी चूक. तुम्ही हो म्हणालात तरच लिहीन."

ही गोष्ट आता धुरपदाबाई स्वतःच सगळ्यांना सांगते, म्हणून मीही सांगते. तीन सोमवार ती दवाखान्यात पाठ दुखते म्हणून गेली होती. हर्षदाने 'पाठ दुखते' एवढेच गुजरातीत सांगितले आणि पाठीच्या गोळ्या मिळाल्या. बरोबर तिचा तरणा मुलगा मगन असे. चौथ्या सोमवारी मगन औषधांच्या रांगेत गेला आणि धुरपदाबाईने हर्षदाचा हात घट्ट धरला. दुखत होती ती पाठ नव्हती, छातीत गाठ होती. मुलासमोर तिला ते बोलवत नव्हते. ऑपरेशन झाले, ती वाचली. पण ते तीन सोमवार हर्षदाच्या मनातून गेले नव्हते.

धुरपदाबाई म्हणाली, "लिख. नाव नको लिखू." आणि त्या ओळीच्या शेजारी तिने आणखी एक अंगठा उमटवला. नाव नको म्हणायचे आणि अंगठा द्यायचा, अशी ती बाई!

मुलाखतीसाठी गौरीने आपली निळी फाईल रिकामी करून दिली. हर्षदाने ती माझ्या पोटात ठेवली. रात्रंदिवस रेल्वेने हेलकावे खात आम्ही पोहोचलो. प्रवासात ती फाईल माझ्याशी एक शब्द बोलली नाही, पण मी तिला पावसाच्या झडीपासून वाचवले.

टेबलापलीकडे तिघे बसले होते. मधल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला.

"हे 'निरंक' कोणी लिहिलं?"

"मीच."

"आणि खोडलं कोणी?"

"गल्लीने, सर."

ते हसले नाहीत. कागद उलटा करून त्यांनी अंगठे पाहिले, पुन्हा सुलटा करून शेवटची ओळ वाचली. "चूक लिहायला कोणी सांगितलं नव्हतं. का लिहिली?"

हर्षदाने माझा आखूड बंद मुठीत आवळला. "फॉर्ममध्ये विचारलंय, काय शिकलात. सर, मी जे काही शिकले ते त्या तीन सोमवारांत शिकले. मी शब्द सांगत होते, माणसाकडे बघत नव्हते. आता मी आधी विचारते, बरोबरच्या माणसाला बाहेर थांबायला सांगू का?"

बाजूच्या बाईंनी पेन खाली ठेवले. म्हातारे डॉक्टर म्हणाले, "हे आमच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलांना शिकवताना माझा घसा बसतो." मग त्यांनी विचारले, त्या बाई आता कशा आहेत? हर्षदा म्हणाली, बऱ्या आहेत आणि खूप भांडतात.

तीन आठवड्यांनी पत्र आले. तिची निवड झाली होती. बन्सीलालने ते पत्र कारखान्यात नेले आणि भाईदास शेठनी माग बंद करायला लावून सगळ्यांना पेढे वाटले. माझ्यातली रेघ त्याच मागावरची, हे कोणाच्या लक्षात आले नाही. मी मनातल्या मनात मिरवून घेतले.

निघताना हर्षदाने मला बरोबर नेले नाही. मी रुसणार होते. पण तिने सगळे कागद माझ्यात नीट लावले आणि मला धुरपदाबाईच्या दारामागच्या खिळ्याला अडकवले. इतक्या सोमवारांत ऐकून ऐकून धुरपदाबाईला दवाखान्याची गुजराती पाठ झाली होती. वाचता येत नव्हते, म्हणून हर्षदाने प्रत्येक कागदावर खूण काढून दिली. वाल्मिकच्या कागदावर टाळ, शोभाबाईच्या सासूच्या कागदावर काठी.

पुढच्या सोमवारी धुरपदाबाई दोन बायकांना घेऊन खिडकीशी उभी राहिली. तिचा स्वतःचा जुना कागद फाटला होता, म्हणून नवा काढायचा होता. कारकून नवा होता, प्रश्न जुनाच.

"माजी, शुं काम करो छो?"

धुरपदाबाईने मला खांद्यावर सावरले. मला वाटले, आता ती नेहमीचेच उत्तर देणार. तिने मागे उभ्या असलेल्या दोघींकडे पाहिले आणि ताठ मानेने म्हणाली, "साडीना धागा कापुं छुं. अने सोमवारे माणसोने दवाखाने लावुं छुं. बन्ने लखो."

मित्रांनो, कारकुनाने दोन्ही लिहिले. तो कागद अजून माझ्या पोटात आहे. तुमच्या घरातही अशी माणसे असतील आणि एखाद्या खिळ्याला अशी एखादी पिशवीही असेल. माणसांना विचारा, तुम्ही काय काय करता? आणि पिशवीचा बंद उसवला असेल, तर सोमवारच्या आत दोन टाके घाला.