तिसऱ्या शिट्टीपर्यंत

कुत्री टॅन्सी तिसऱ्या शिट्टीच्या आत परत आली, तर तिचा मालक विल्फ डॉड याला शेजारीण नोराच्या खालच्या कुरणातले ससे वर्षभर धरायला मिळणार होते. त्याहून गोड म्हणजे नोरा हेदरिंग्टनला सगळ्या खोऱ्यादेखत तोंड मिटावं लागणार होतं. नाही आली, तर मेंढ्या व्यायच्या आत कुत्रीनं खोरं सोडायचं. ही कुत्री दोनदा नोराच्या गाभण मेंढ्यांमधून सशामागे सुसाट गेली होती. पुन्हा तेच झालं तर बंदूक उचलायला कायदा नोराला अडवणार नव्हता. तरी तिनं पैज लावली, आणि ती दयेपोटी नव्हे. कुत्रं मारलं तर लोक विल्फची कीव करतील; विल्फ हरला तर वर्षभर हसतील.

पंच मी. दोघांकडे मेंढ्यांचं खाद्य मीच पोचवतो, आणि दोघांनाही मी सारखाच नकोसा आहे.

टॅन्सी दहा महिन्यांची, बॉर्डर टेरिअर, म्हणजे बिळात घुसून शिकार काढणारी जात. सशाचा वास आला की कानाला कुलूप. विल्फनं दोन महिने मेहनत केली, हे मान्य करायला हवं. घरामागे लांब दोरी बांधून तिला सोडायचा, शिट्टी मारायचा, दोरीला हलका झटका, आली की बक्षीस म्हणून कलेजीचा तुकडा. दोरीवर ती बाणासारखी यायची.

"दोरी काढून बघितलंस का?" मी एकदा विचारलं.

"तू पोती उतरव."

शिट्टीही त्यानं खोऱ्यातलीच घेतली होती, नोराच्या बापापासून चालत आलेली. दोन बोटं तोंडात; एक लांब, दोन आखूड. कुत्र्याला बोलवायचं तर हीच, असं इथं सगळे धरून चालतात.

मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही कुरणात उभे राहिलो. नोरानं मेंढ्या वरच्या कोपऱ्यात, दगडी बांधाशी दाबून ठेवल्या होत्या आणि समोर तिचा कॉली जातीचा मेंढ्या राखणारा कुत्रा, मॉस, राखणीला बसवला होता.

"एवढा बंदोबस्त?" विल्फ म्हणाला. "माझ्या कुत्रीला घाबरलीस?"

"तुझ्या शिकवणीला."

काटेरी झुडपातून ससा निघाला. टॅन्सी सुटली. विल्फनं बोटं तोंडात घालून खणखणीत शिट्टी मारली.

टॅन्सीनं मान वळवली नाही. मॉस मात्र उठला आणि शेपूट हलवत थेट आमच्याकडे धावत आला. कोपरा मोकळा झाला. मेंढ्या उधळल्या, एकीवर एक चढत बांधावर आदळल्या, वरचे दगड ढासळले. विल्फ दुसरी शिट्टी मारणार तेवढ्यात नोरानं त्याचा हात खाली खेचला.

"बस कर, मूर्खा! ती माझी शिट्टी आहे!"

"शिट्टी कुणाच्या बापाची नसते."

"ही आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी मॉसला हीच मारते. तुझ्या कुत्रीनं तुझ्या अंगणात बसून रोज पन्नास वेळा ऐकलीय, आणि एकदाही तिच्या तोंडात काही पडलं नाही. तिच्या लेखी तो वारा आहे. ती यायची ती दोरीला."

"तुला हे कधी कळलं?"

"पहिल्या आठवड्यात. मॉस तुझ्या अंगणाकडे कान टवकारायला लागला तेव्हा."

"आणि बोलली नाहीस?"

"तू विचारलंस?"

टॅन्सी पाऊण तासानं बिळातून निघाली, नाकापर्यंत चिखल, डोळ्यांत दिवाळी. आणि न बोलावता थेट विल्फच्या पायाशी आली. त्यानं मानगूट धरून तिला टोपीनं बडवलं.

"वा," नोरा म्हणाली. "आता तर मुळीच यायची नाही."

"गप्प बस, तुझी मेंढी बघ."

मेंढी बांधाखाली आडवी होती. रात्री गेली, पोटातल्या दोन कोकरांसकट.

विल्फची कुत्री गेली. न्यूकॅसलला बहिणीकडे, तिसऱ्या मजल्यावर. सशांवरचा हक्क त्याला मिळालाच नाही, आणि ससे नोराचं कुरण खात आहेत. नोराची एक मेंढी गेली, दोन कोकरं गेली, आणि मॉस आता शिट्टी झाली की आधी विल्फच्या घराकडे बघतो. कुत्री शिट्टीला आली नाही म्हणून विल्फ हरला, पण मेंढीची भरपाई पैजेत नव्हती, असा निकाल मी दिला, म्हणून दोघंही खाद्य दुसऱ्याकडून घेतात. हरले सगळेच, पण परत आल्याबद्दल मार खाल्ला तो एकट्या टॅन्सीनं.