विसाव्याचं तळं

ओझेमने होडी रेटायचा वासा दोन्ही हातांनी उचलला आणि सख्ख्या भावाच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज त्याने ऐकला. ऐकून त्याला बरं वाटलं, हे पुढे त्याला देवापुढेही नाकारता आलं नाही.

आदल्या दिवशी दोघं स्वयंपाकघरात कॉफी पीत बसले होते. धाकटा क्लोविस पाहुण्यांना शिकारीला नेत असे. बदकांचा हंगाम संपत आला होता आणि पाहुणे रोज हात हलवत परत येत होते.

"ह्यूस्टनवाला काय म्हणाला माहितेय? तुमच्या गंबोच्या रश्श्यात तरी खरं बदक आहे का, की तेही थव्याला भुलवायला पाण्यावर सोडलेलं प्लास्टिकचं?"

"मग सांगायचंस त्याला. वर उत्तरेला मिझुरीत तळी गोठेनाशी झालीत म्हणावं. बदकांसाठी पाण्यात मका उभा ठेवलाय. पोट भरलेलं बदक कशाला पंख झिजवत लुइझियानाला येईल?"

"सांगितलं. म्हणाला, मग पुढच्या वर्षी आम्हीही मिझुरीलाच जातो." क्लोविसने कप आपटला. "विसाव्याच्या तळ्यावर थवा उतरलाय, ओझेम."

"तिकडे बघायचंही नाही."

त्या तळ्यावर बंदूक उडवायची नाही, ही त्यांच्या बापाची रीत. क्लेबेर म्हाताऱ्याने जन्मभर या दलदलीत बदकं मारली, पण ते एक तळं सोडून. इथं जी सुखरूप राहतात तीच पुढच्या हिवाळ्यात बाकीच्यांना वाट दाखवत आणतात, असं तो म्हणे. मरताना त्याने ओझेमचा हात जपमाळेवर ठेवून शब्द घेतला होता.

"बाबा गेले. त्यांची बदकंही गेली. तू राखण कुणाची करतोस?"

"उरलेल्यांची."

"तू पाद्रीच व्हायला हवं होतंस. तो झगा शोभला असता, पोटही झाकलं असतं."

ओझेम हसला. तिथंच चुकलं. भाऊ थट्टेवर आला म्हणजे विषय मिटला, असं त्याला वाटलं.

पहाटे पूर्वेकडून, तळ्याच्या बाजूने, बार ऐकू आले. ओझेम अनवाणीच होडीत बसला. तळ्यावर पोचला तेव्हा क्लोविस कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि त्याची काळी कुत्री बिजू लव्हाळ्यात दबा धरून बसली होती. पाण्यावर हिरव्या डोक्याचे नर उलटे तरंगत होते, पिसं लाल पाण्यात भिजत होती. एक मादी तुटका पंख आपटत स्वतःभोवती फिरत होती. वरती थवा घिरट्या घालत होता. दुसरीकडे कुठे जाईना. त्यांचा या पाण्यावर विश्वास होता.

क्लोविसने बदकाच्या आवाजाची पिपाणी ओठांना लावली आणि त्यांना गोड बोलावलं. ती उतरू लागली.

"क्लोविस, नको!"

"पाहुण्यांच्या फोटोपुरती तरी होऊ देत की!" म्हणत त्याने बार काढला. तीन पाखरं दगडासारखी पडली.

तेव्हा वासा उचलला गेला.

बंदूक पाण्यात पडली. क्लोविस गुरासारखा ओरडला आणि धडक्या हाताने ठोसा मारला. ओझेमचे पुढचे दोन दात तुटले. तोंडात रक्त आलं तसं त्याचं उरलंसुरलं भान गेलं. त्याने होडीतून उडी टाकून भावाची मान धरली, पाण्यात दाबली, छातीवर गुडघा रोवला. खालून चिखल उसळला, बुडबुडे आले. बुडबुडे कमी झाले. ओझेमने हात सैल केला नाही. तो बापाचा शब्द पाळत होता, असं त्याला वाटत होतं.

बिजू पाण्यात शिरली. पाण्यात पडेल ते जिवंत, दात न लावता, माणसाच्या हातात आणून द्यायचं, एवढंच तिला शिकवलेलं. तिने क्लोविसची बाही अलगद धरली, ताकदीने वर ओढली आणि मोडका हात ओझेमच्या हातापाशी आणला. मग थांबली. हुकमाची वाट बघत, एकटक.

ओझेमच्या तोंडून सवयीनेच निघालं, "दे."

तिने बाही सोडली. हातात सापडलेला तो हात लहानपणापासून ओळखीचा होता. ओझेमला हुंदका फुटला. त्याने भावाला बखोटीला धरून वर काढलं, होडीच्या काठावर पालथा घातला, पाठीवर थापा मारल्या. क्लोविसने चिखल ओकला, खोकला, श्वास घेतला.

"मारलं असतंस मला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"हो."

वर थव्याने एक शेवटची घिरटी घातली आणि उत्तरेकडे तोंड फिरवलं. दोघंही बघत राहिले. ती बदकं परत येणार नव्हती, आणि कुणाला घेऊनही येणार नव्हती.

बिजू पुन्हा पोहत गेली. परतली तेव्हा तोंडात ती पंख तुटलेली मादी होती, जिवंत. तिनं ती ओझेमपुढे धरली.

"मोड तिची मान," क्लोविस डोळे मिटून म्हणाला. "कशाला तडफडवतोस?"

ओझेमने बापाची क्षमा मागितली, आणि विसाव्याच्या तळ्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने एक जीव घेतला.