खिडकीतल्या चकत्या

“मावशी, प्राणवायूचा आकडा छान आलाय. तुमच्या जाऊबाई ठणठणीत आहेत,” यंत्रावरून मान न उचलता तंत्रज्ञ म्हणाला.

मावशींनी खाटेकडे पाहिलं. धाकट्या जावेची नखं शाईत बुडवल्यासारखी निळी दिसत होती. हात इतका गार पडला होता, की बोटाला लावलेला प्राणवायू मोजायचा चिमटा कधीचाच मुका झाला होता.

“नखं बघा हिची.”

“बावीस वर्षं फरशी पुसून डॉक्टर होता येत नाही, मावशी.”

“फरशी पुसताना डोळे उघडे असतात माझे.”

जावेने कसेबसे ओठ हलवले. “जाऊबाई... इथेही भांडताय?”

“तू गप्प पड. तुझ्या वाटणीचं घरी राखून ठेवलंय.”

बोलता बोलता मावशींची नजर खिडकीतल्या चकत्यांकडे गेली.

रक्ताचा थेंब ज्या चकतीवर टाकायचा, ती काळ्या पाकिटातून येई. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे चमकणारे कण असतात. रक्तात प्राणवायू जितका जास्त, तितकी चमक मंद, असं तंत्रज्ञानेच एकदा सांगितलं होतं. पाकिटं फाडताना तो रोज करवादायचा. म्हणून आज मावशींनी सकाळीच दहा पाकिटं फोडून चकत्या खिडकीत ओळीने मांडल्या होत्या. चार तास त्यांच्यावर ऊन पडत होतं. त्याच खिडकीचा निळा पडदा उन्हाने विटून पांढराफटक झाला होता.

बावीस वर्षांत मावशींच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. गप्प बसल्या असत्या, तर आजही ठेवलं नसतं.

“साहेब, पाकिटं मी फोडली. सकाळीच. चकत्या विटल्यात. त्या चमकत नाहीत, म्हणून यंत्राला वाटतंय प्राणवायू भरपूर आहे.”

तंत्रज्ञाने कपाटातलं बंद पाकीट फाडलं. नवा आकडा पाहून तो डॉक्टरांना बोलवायला पळाला. जावेच्या घशात नळी गेली. बऱ्याच वेळाने नखांवरचा निळा रंग उतरू लागला.

तेव्हा त्याने हळूच विचारलं, “मावशी, खिडकीत आता किती उरल्यात?”

“सहा.”

वापरलेल्या चारांतली एक जावेची. बाकीच्या तिघांना आकडा छान आला म्हणून अकराच्या आत खालच्या मजल्यावर हलवलं होतं. त्यांच्या रिकाम्या खाटांवर मावशींनीच धुतलेल्या चादरी घातल्या होत्या, कोपरे ताठ दुमडून.

तंत्रज्ञाने खाली फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली.

मावशींनी सहाही चकत्या एकेक करून ओंजळीत घेतल्या आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.