बिनत्रासाची रजा

मेंगसाहेबांनी ग्यू-तेकच्या खांद्यावरचं गोदामातलं भुसकट स्वतःच्या हातानं झटकलं आणि त्याला त्याच्या जुन्या खुर्चीत बसवलं. वर कॉफीही आणून दिली. विभागप्रमुखानं हाताखालच्या माणसाला कॉफी आणून द्यावी!

"दोन प्रश्न विचारतील, दोन उत्तरं द्यायची," साहेब हसत म्हणाले. "आज नीट पार पडलं की सोमवारपासून ही खुर्ची परत तुझी."

चांगवॉन शहरातल्या या यंत्रांच्या सुट्या भागांच्या कंपनीला 'कुटुंबस्नेही' असं सरकारी प्रशस्तिपत्र हवं होतं. त्यासाठी मूल सांभाळायला रजा घेतलेला बाप दाखवायला हवा, आणि असा बाप कंपनीत एकच. सरकार एवढं कळकळीनं सांगतंय, पोरं होऊ द्या, बापांनीही घरी बसा, भत्ता आम्ही देतो, म्हणून आपल्या बाळाच्या, दाओनच्या, जन्मानंतर हा भाबडा वर्षभर घरी बसला होता. तेव्हा कुणी वाकडा शब्द काढला नाही. उलट मेंगसाहेबांनी बाळंतिणीच्या सूपासाठी समुद्रशेवाळाची भलीमोठी जुडी घरी पाठवली. तो परत आला तर त्याचं काम वाटून टाकलेलं आणि टेबल खाली गोदामात. नोकरी शाबूत, पगार तोच. तक्रार करायची तरी कशाची? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बायकोनं विचारलं की तो म्हणायचा, काम बरंय.

तपासणीच्या बाई आल्या. सगळा विभाग गोलाकार बसला. ग्यू-तेकच्या समोरच हान-सोल होता, दोन वर्षांपूर्वी लागलेला पोरगा. बायकोला सातवा महिना. सकाळी जिन्यात त्यानं हळूच विचारलंच होतं, दादा, मीही रजा घेऊ का? तेवढ्यात वरून कुणी आलं आणि उत्तर राहून गेलं.

"रजेवरून आल्यावर काही त्रास झाला?" बाईंनी विचारलं.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण या कचेरीत तेवढाही लागत नाही. साहेबांनी पेला जरा जोरात ठेवला तरी काय ते सगळ्यांना कळतं. न बोललेलं ज्याला ऐकू येत नाही तो इथे टिकत नाही. ग्यू-तेकचा सगळा भरवसा त्यावरच होता. त्यानं आधी मेंगसाहेबांकडे पाहिलं, मग हान-सोलच्या डोळ्यांत रोखून पाहिलं, आणि सपाट आवाजात म्हणाला,

"काहीच त्रास झाला नाही."

पोहोचलं, असं त्याला वाटलं. खुर्चीही वाचली आणि पोरगाही. त्यानं श्वास सोडला.

हान-सोलचा चेहरा खुलला होता. तो चक्क उठून उभा राहिला.

"साहेब, मग मीही घेतो. बाईंसमोरच सांगून टाकतो."

मेंगसाहेबांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. या वयात अशी हिंमत हवी, असं साहेब बाईंना कौतुकानं सांगत होते, आणि त्यांची नजर हान-सोलवरून हलत नव्हती. ग्यू-तेकला ती नजर ओळखीची होती. शेवाळाची जुडी पाठवली त्या आठवड्यात ती त्याच्यावर होती.

बाई गेल्यावर हान-सोल त्याच्यापाशी येऊन कमरेत वाकला. "दादा, तुम्ही थेट माझ्याकडे बघून सांगितलंत ना, त्यानंच धीर आला. बायकोला आत्ताच कळवलं. रडतेय वेडी आनंदानं."

"हान-सोल, ऐक. अजून वेळ आहे, तू..."

मागून दोघांच्या खांद्यांवर हात पडले.

"चला, आज तिघं मिळून जेवू," मेंगसाहेब म्हणाले. "कोपऱ्यावरचा डुकराचा रस्सा आणि भात. माझ्याकडून."

खाली गेल्यापासून ग्यू-तेकला कुणी जेवायला हाक मारली नव्हती. बारा वाजता सगळे घोळक्यानं निघायचे, आणि तो खोक्यांआड थंड किंबाप, शेवाळात गुंडाळलेला भात, गिळायचा, कुणी बघू नये म्हणून घाईघाईनं.

"काय म्हणत होतात दादा?" हान-सोलनं विचारलं.

"काही नाही," ग्यू-तेक म्हणाला. त्याला फार भूक लागली होती.