आठवी जागा

तंत्रनिकेतनात मी चौतीस वर्षे लेथ आणि फिटिंग शिकवले. निवृत्तीनंतर त्याच संस्थेच्या सभागृहात, विद्यार्थ्यांच्या बॉलरूम नृत्यमंडळात मी उभा राहीन असे कोणी म्हटले असते, तर त्याला मी पुन्हा पहिल्या वर्षाला बसवले असते. पण सूचनाफलकावर लिहिले होते, ‘सर्व स्तरांचे स्वागत. काहीच येत नसेल तर अधिक स्वागत.’ आणि खाली चिटणीस म्हणून माझ्या नातीची सही होती.

आठ महिने ती माझ्याशी बोलत नव्हती. यंत्रशाखा सोडून ती छपाईतंत्राकडे गेली, तेव्हा भर जेवणात मी म्हणालो होतो, “हिशेब जमत नाही, म्हणून पळतेस.” दुसऱ्या दिवशी ती वसतिगृहात राहायला गेली. तिच्या आजीने मला स्पष्ट सांगितले, “चुकलात हे तुमच्या तोंडून ऐकायचंय तिला. मी निरोप पोचवणार नाही.”

शिकवणारा मुलगा उंच आणि किडकिडीत होता. सगळे त्याला बगळा म्हणत. तो माझाच जुना विद्यार्थी.

“सर, जोडीदाराला हाताने दिशा देत नेणारे पुरेसे झालेत. तुम्ही आज मागे जाणाऱ्यांत.”

“म्हणजे मी उलटं चालायचं?”

“आणि मागे वळून बघायचं नाही. समोरच्याच्या भरवशावर.”

“मशीनवर मी असं कोणाला करू दिलं नाही.”

“म्हणून तर आमची बोटं शाबूत आहेत, सर!”

मंडळाची पद्धत साधी होती. अकरा जोड्या. नेणारे आतल्या वर्तुळात जागेवर थांबत आणि प्रत्येक गाण्यानंतर बाहेरचे एकेक जागा उजवीकडे सरकत. त्यामुळे नवशिक्या कोणी कोपऱ्यात बसून राहत नसे. नात नेणाऱ्यांत होती. माझ्याकडे तिने एकदाच पाहिले आणि नजर काढून घेतली.

मी जागा मोजल्या. ती माझ्यापासून आठवी होती.

“आज सहा बदल,” बगळ्याने जाहीर केले.

दोन कमी. परत येण्याचे धैर्य माझ्यात दुसऱ्यांदा गोळा झाले नसते, हे मला ठाऊक होते. तरीही नियम मोडून पुढे घुसणे मला जमेना. तिसऱ्या जागेवरची मुलगी म्हणाली, “सर, तुम्ही मलाच नेताय!” पाचव्या जागेवरच्या मुलाने माझा आखडलेला खांदा हलकेच खाली दाबला.

सहावा बदल झाला. तिथे निळ्या शर्टातला मुलगा असायला हवा होता. मी दोनदा खात्री केली होती. समोर नात उभी होती. निळा शर्ट दोन जागा पलीकडे छताकडे बघत होता.

“तू इथे कशी?”

“आठ जागा, सहा बदल,” ती म्हणाली. “दोन कमी पडत होते. त्याच्याशी जागा बदलली.”

गाणे सुरू झाले. तिने माझ्या पाठीला हात लावला आणि मी उलटा निघालो. वाक्य आठ महिन्यांपासून तयार होते, पण एक-दोन-तीनच्या मोजणीत ते कुठेच बसेना.

“माझं चुकलं,” मी कसेबसे म्हणालो आणि तिच्या बोटांवर पाय दिला.

“आत्ताचं, की तेव्हाचं?”

“दोन्ही. हिशेब तुला माझ्याइतकाच येतो.”

तिने मला एका वळणातून फिरवले. मागे खुर्च्यांची रांग असावी असा माझा अंदाज होता. मान वळू लागली.

“मागे बघू नका, आजोबा. मी बघतेय.”

मी मान सरळ ठेवली.

“छपाईत काय शिकवतात?” मी विचारले.

तिची पावले क्षणभर अडखळली. “हे तुम्ही आज पहिल्यांदा विचारलंत.”

“उशीर झाला. तरी सांग.”

“आजीला म्हणावं, रविवारी मी जेवायला आहे. तेव्हा सविस्तर सांगते.” मग तिलाच राहवेना. “पहिल्यांदा ना, कागद ओळखायला शिकवतात. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी...”

ती सांगत राहिली. गाणे अजून शिल्लक होते. मोजणी केव्हाच सुटली होती, आणि मी खुर्च्यांकडे पाठ करून उलटा चालत होतो.