मदरबोर्ड बदलला आणि मी परका झालो

मी परवाना बोलतोय. गाडी चालवायचा नव्हे. संगणकातली ऑपरेटिंग सिस्टिम रीतसर विकत घेतल्याचा. माझा देह म्हणजे एका कार्डावर छापलेली पंचवीस अक्षरं आणि आकडे.

माझे मालक गणिताचे निवृत्त शिक्षक. दुकानदार म्हणाला होता, "कशाला, सर? सगळे असंच चालवतात." सर म्हणाले, "जन्मभर पोरांना कॉपी करू दिली नाही," आणि मला डब्यासकट घरी घेऊन आले.

घरात त्यांची थोरली बहीण, ताई. चाळीस वर्षं सुईणपण केलेली. प्रत्येक बाळंतपण तिनं वहीत टिपलेलं. आता तिची नजर अधू झालीय, म्हणून सर त्या वह्या टंकून काढतात आणि संध्याकाळी तिला वाचून दाखवतात. सात वह्या झाल्या, आठवी राहिली.

मध्यंतरी रॅम वाढवली, डिस्क बदलली. मी टिकलो. चष्मा बदलला म्हणून घरचे ओळख विसरत नाहीत. पण मदरबोर्ड जळाला, नवा बसवला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली: सक्रिय नाही. माझी सगळी ओळख त्या जुन्या बोर्डाशी बांधलेली. मलाच शंका आली, मी खरा होतो ना?

सरांनी ताईच्या औषधांच्या डब्यातली चिकटपट्टी त्या अक्षरांवर लावली आणि टंकणं थांबवलं.

ताईनं पडदा चाचपला. "अरे, याला कुठं लागलं?"

"ताई, हा मला चोर म्हणतोय."

"तू आणि चोर! लहानपणी शेजाऱ्याच्या झाडावर चढलास आणि वरून त्यालाच हाक मारलीस. कंपनीला फोन लाव."

"त्यांनी खोटं ठरवलं तर?"

नऊ दिवस हेच. मी खणात, सर खुर्चीत, दोघंही घाबरलेले. शेवटी ताई कडाडली, "बाळ दुसऱ्या खाटेवर ठेवलं म्हणून आई बदलते का रे? लाव फोन! मला आठवी वही ऐकायचीय, डोळे गेले, आता कानही जायची वाट बघतोस?"

सरांनी फोन लावला आणि समोरच्या बाईंनी विचारायच्या आत रॅम, डिस्क, बोर्ड, सगळं कबूल करून टाकलं.

"काका, आधी श्वास घ्या," बाई हसल्या. "परवाना वेगळा विकत घेतलेला ना? आणि जुन्या बोर्डावर आता चालू नाही?"

"नाही हो, तो जळाला."

"मग झालं तर. यंत्राबरोबर आलेला असता, तर बहुधा त्या बोर्डाबरोबरच गेला असता. हा नव्यावर नेता येतो. कार्डावरची अक्षरं सांगा."

सरांनी हजेरी घेतल्यासारखी माझी अक्षरं वाचली. मी एकेकाला ओ देत होतो. थोड्या वेळानं ताईनं पट्टी ओढून काढली. खाली काही नव्हतं. सर कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

बाईंच्या सांगण्यावरून त्यांनी मला कंपनीकडच्या आपल्या ऑनलाइन खात्याशीही जोडून ठेवलं. तुम्हीही बोर्ड बदलायच्या आधी एवढं करा, आणि माझं कार्ड टाकू नका. आम्हाला परकं व्हायची फार भीती वाटते.

त्या संध्याकाळी सरांनी आठव्या वहीतली पहिली नोंद वाचली: "मुलगी. उशिरा रडली, पण रडली."